आम्ल-आम्लारी टायट्रेशन: ऑक्झॅलिक आम्लापासून व्हिनेगरच्या बाटलीपर्यंत

व्हिनेगरच्या बाटलीवर अ‍ॅसेटिक आम्लाचं प्रमाण छापलेलं असतं, बहुधा ४ ते ५ टक्के. ते खरोखर तेवढं आहे का, हे चवीवरून कळत नाही. पीएच पेपर बुडवला तरी कळत नाही. अ‍ॅसेटिक आम्ल सौम्य आहे. व्हिनेगरमधल्या त्याच्या साधारण २०० रेणूंपैकी एखाद्यानंच हायड्रोजन आयन सोडलेला असतो, आणि पीएच पेपरला फक्त तो सुटलेला आयन दिसतो. आपल्याला मोजायचे असतात सगळेच्या सगळे रेणू.

टायट्रेशन, म्हणजे पाठ्यपुस्तकातलं अनुमापन, नेमकं हेच करतं. आम्लात थेंबथेंब आम्लारी सोडली की सुटा हायड्रोजन आयन तिच्याशी जुळून पाणी होतो. त्याची जागा भरायला दुसरा रेणू आपला आयन सोडतो, मग तिसरा. शेवटचा रेणू संपेपर्यंत हे चालतं. तोवर किती आम्लारी लागली ते मोजलं, की आम्ल किती होतं ते कळतं. यासाठी तीन गोष्टी हव्यात: संहती (ठराविक घनफळात पदार्थ किती आहे ते) पक्की माहीत असलेलं द्रावण, अचूक मोजणारी काचेची भांडी आणि ‘आता थांब’ असं सांगणारा दर्शक.

इथे टप्पे असे घेतले आहेत: ऑक्झॅलिक आम्लाचं प्रमाण द्रावण, म्हणजे पक्क्या संहतीचं द्रावण, करायचं, त्यावरून सोडियम हायड्रॉक्साइडची संहती ठरवायची आणि त्या सोडियम हायड्रॉक्साइडनं व्हिनेगर तपासायचं. अकरावी-बारावीच्या जर्नलमध्ये यातला पहिला अर्धा भाग असतोच.

सुरुवात ऑक्झॅलिक आम्लापासून का?

सोडियम हायड्रॉक्साइड थेट तोलून संहती का काढू नये, असं नवख्याला हमखास वाटतं. त्याच्या चार गोळ्या वॉच ग्लासवर ठेवून पाहा. काही मिनिटांतच त्यांना पाणी सुटल्यासारखं होतं. त्या हवेतली वाफ शोषतात आणि कार्बन डायऑक्साइडही शोषतात, त्यामुळे काट्यावर दिसणाऱ्या २ ग्रॅममध्ये खरं हायड्रॉक्साइड किती हे सांगता येत नाही. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक मात्र कोरडे राहतात, शुद्ध मिळतात आणि त्यांचं सूत्र पक्कं असतं. स्फटिकजलाच्या, म्हणजे स्फटिकात बांधलेल्या पाण्याच्या, दोन रेणूंसह त्यांचं मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचं (रेणूंच्या ठराविक मोठ्या संख्येचं) वस्तुमान, १२६.०७ ग्रॅम आहे.

हे स्फटिकजल ध्यानात ठेवा. ‘कोरडं करून तोलावं’ म्हणून कोणी आम्ल ओव्हनमध्ये ठेवलं तर स्फटिकजल उडतं, १२६.०७ हा आकडा खोटा ठरतो आणि पुढची सगळी गणितं त्याच्यासोबत खोटी ठरतात. बाटलीतून काढा आणि तसंच तोला.

०.०५ मोलर (लिटरमागे ०.०५ मोल) द्रावण २५० मिली करायचं तर १.५७६ ग्रॅम आम्ल लागतं. नेमकं तेवढंच तोलायच्या मागे लागू नका. १.५५ ते १.६० ग्रॅमच्या दरम्यान काहीही चालेल, पण जे आलं ते काट्यावर दिसतं त्या शेवटच्या अंकापर्यंत लिहून ठेवा. आकडा गोल असायची गरज नाही, खरा असायची आहे.

तोललेलं आम्ल लहान बीकरमध्ये सुमारे ५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये काचकांडीनं ढवळून पूर्ण विरघळवा. मग फनेलमधून २५० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओता. बीकर, काचकांडी आणि फनेल वॉश बॉटलनं तीनदा धुवा आणि ते धुवणही फ्लास्कमध्येच जाऊ द्या, कारण तोललेल्या आम्लाचा काही अंश त्यात असतो. फ्लास्कच्या मानेवरच्या खुणेच्या बोटभर खाली आलात की ड्रॉपर घ्या आणि पाण्याच्या खोलगट पृष्ठभागाचा तळ खुणेला टेकेपर्यंत थेंबथेंब पाणी घाला. खूण ओलांडली तर वरचं पाणी ड्रॉपरनं काढून टाकू नका. त्यासोबत आम्लही जातं. द्रावण टाकून पुन्हा करा.

त्यानंतर झाकण घट्ट धरून फ्लास्क १५-२० वेळा उलटासुलटा करा. ही पायरी सर्रास उरकली जाते. मानेतलं पाणी खालच्या द्रावणात आपोआप मिसळत नाही. पुढे टायट्रेशनमध्ये पहिलं रीडिंग ९.४, दुसरं ९.६, तिसरं ९.९ असं एकाच दिशेनं सरकत असेल तर दोष हाताला देण्याआधी फ्लास्क नीट हलवला होता का ते आठवा.

ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. त्याची पूड उडू देऊ नका आणि काम झाल्यावर हात धुवा.

सोडियम हायड्रॉक्साइड: इथे अचूकतेचा हट्ट नको

५०० मिली द्रावणासाठी २.१ ग्रॅमच्या आसपास गोळ्या वॉच ग्लासवर चटकन तोला. त्यांना बोट लावू नका, स्पॅच्युला वापरा. उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये त्या बीकरमध्येच विरघळवा. उकळल्यानं पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. विरघळताना उष्णता निघते, म्हणून द्रावण गार होऊ द्या आणि मगच मोजपात्रानं ५०० मिली करा. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क इथे लागत नाही. याची खरी संहती टायट्रेशननंच ठरणार आहे, त्यामुळे खुणेपर्यंत जीव मुठीत धरून थेंब मोजणं फुकट जातं.

द्रावण प्लॅस्टिकच्या किंवा रबरी बूच असलेल्या बाटलीत ठेवा. काचेचं झाकण या द्रावणानं अडकून बसतं. आणि डोळ्यांना चष्मा हवाच. एवढं पातळ द्रावणही डोळ्याला इजा करतं. उडालंच तर डोळा लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, १५-२० मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

कोणतं भांडं कशानं धुवायचं

तोंडी परीक्षेत हे विचारतात म्हणून मुलं पाठ करतात. खरं तर त्यामागे एकच प्रश्न आहे: या भांड्यात आपण काय मोजतो, घनफळ की पदार्थ?

ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली खुणांची नळी, सोडियम हायड्रॉक्साइड मोजून सोडते. ती आधी पाण्यानं आणि मग ५-५ मिली सोडियम हायड्रॉक्साइडनं दोनदा खळबळून धुवा. तोटी उघडून ते खालूनही जाऊ द्या. आत पाणी राहिलं तर द्रावण पातळ होतं आणि रीडिंग वाढतं. ठराविक १० मिली उचलणाऱ्या पिपेटचंही तसंच. ती ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणानं धुवायची, नाहीतर मोजून घेतलेल्या १० मिलीत आम्ल कमी येतं. ज्यात आम्ल घेऊन टायट्रेशन करायचं तो कोनिकल (शंकूच्या आकाराचा) फ्लास्क मात्र फक्त पाण्यानं. त्यात आम्ल उरलं तर मोजलेल्या १० मिलीवर न मोजलेल्या थेंबांची भर पडते. पाणी उरलं तर बिघडत नाही, कारण पाणी घातल्यानं आम्लाचे रेणू वाढत नाहीत की कमी होत नाहीत. टायट्रेशन चालू असताना फ्लास्कच्या कडा पाण्यानं धुता येतात त्या याच कारणानं.

ब्युरेट भरणं

ब्युरेट क्लॅम्प स्टँडला सरळ उभी बांधा. तिरपी असली तर वाचन चुकतं. फनेल लावून शून्याच्या थोडं वरपर्यंत भरा आणि फनेल लगेच काढा. विसरलात तर टायट्रेशनच्या मध्येच त्यातला एखादा थेंब खाली पडतो आणि तो हिशेबात येत नाही.

आता तोटीच्या खालचं टोक बघा. तिथे हवेचा बुडबुडा असतोच असं धरून चाला. तोटी एकदम पूर्ण उघडून द्रावण जोरात सोडलं की तो निघून जातो. तो राहून टायट्रेशनच्या मध्ये सुटला, तर त्याची जागा भरणारं द्रावण ब्युरेटमधून कमी होतं पण फ्लास्कमध्ये पोचत नाही. रीडिंग जास्त येतं आणि सोडियम हायड्रॉक्साइड आहे त्याहून पातळ वाटतं.

सुरुवातीचं रीडिंग बरोबर शून्यावरच हवं असं नाही. ०.३ असेल तर ०.३ लिहा. वाचताना डोळे पृष्ठभागाच्या पातळीत ठेवा आणि खोलगट भागाचा तळ वाचा. ब्युरेटवरचे आकडे वरून खाली वाढतात, म्हणून डोळा वर असेल तर रीडिंग कमी दिसतं आणि खाली असेल तर जास्त. पांढऱ्या कार्डावर काळी पट्टी चिकटवून ती पृष्ठभागाच्या किंचित खाली मागे धरली की तळ ठळक दिसतो. ब्युरेटचा लहानात लहान भाग ०.१ मिलीचा असतो. दोन रेघांच्या मधोमध असेल तर ०.०५ लिहायला कचरू नका.

पिपेट

तोंडानं ओढायचं नाही. रबरी बल्ब किंवा पिपेट फिलर वापरा. द्रावण खुणेच्या वर घ्या, टोक बाहेरून टिपा आणि खुणेपर्यंत सोडा. बोटानं अडवत असाल तर तर्जनी वापरा, अंगठ्यानं तेवढा ताबा राहत नाही. १० मिली द्रावण कोनिकल फ्लास्कमध्ये आपोआप गळू द्या. शेवटी टोक काही सेकंद फ्लास्कच्या कडेला टेकवा आणि उचला. टोकात जो थेंब उरतो तो फुंकायचा नाही. तो तिथे राहणार हे धरूनच खूण केलेली असते.

दर्शक: फिनॉल्फ्थॅलीनच का?

जर्मन रसायनशास्त्रज्ञ अॅडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ साली शोधलेलं फिनॉल्फ्थॅलीन पीएच ८.३ च्या खाली रंगहीन असतं आणि १० पर्यंत पूर्ण गुलाबी होतं. ऑक्झॅलिक किंवा अ‍ॅसेटिक आम्ल पूर्ण संपतं त्या क्षणी द्रावणाचा पीएच ७ नसतो. सौम्य आम्लाचं लवण स्वतः थोडं आम्लारिधर्मी असतं, म्हणून तो ८.४ ते ८.७ च्या आसपास येतो. दर्शकाचा रंग बरोबर तिथेच पालटायला हवा.

आकड्यांत पाहू. ०.१ मोलर अ‍ॅसेटिक आम्लाच्या १० मिलीला तेवढ्याच संहतीचं सोडियम हायड्रॉक्साइड घालत गेलो, तर ९.९५ मिलीला पीएच ७ च्या जवळपास असतो आणि १०.०५ मिलीला १०.४. फक्त दोन थेंबांत एवढी उडी. फिनॉल्फ्थॅलीन या उडीच्या आत रंग बदलतं. मिथिल ऑरेंजचा पट्टा ३.१ ते ४.४. ते टाकलं तर सुरुवातीपासून हळूहळू रंग बदलत जाईल आणि ३ मिलीलाच ‘झालं’ म्हणेल, म्हणजे सत्तर टक्के आम्ल अजून शिल्लक असताना. मिथिल ऑरेंज वाईट नाही, त्याची जागा वेगळी आहे. तीव्र आम्लानं अमोनियासारखी सौम्य आम्लारी मोजताना तेच लागतं. धुण्याचा सोडा हायड्रोक्लोरिक आम्लानं मोजायचा असेल तर फिनॉल्फ्थॅलीन निम्म्या वाटेवर रंग सोडतं आणि मिथिल ऑरेंज शेवटाला.

घरातला दर्शक म्हणजे हळद. तिला चुना लावला की लाल होते, कुंकू पूर्वी असंच करत. शर्टावरचा हळदीचा डाग साबणानं लाल होतो तोही याच कारणानं. पण पिवळ्याचा तांबडा हा बदल एका थेंबात नजरेत भरत नाही. रंगहीन द्रावण गुलाबी होणं डोळ्याला फार सोपं जातं.

फिनॉल्फ्थॅलीनचे दोनच थेंब घाला. ते स्वतः सौम्य आम्ल आहे, ड्रॉपरभर घातलं तर थोडी आम्लारी तेच खातं. प्रत्येक वेळी थेंब तेवढेच ठेवा.

प्रत्यक्ष टायट्रेशन

फ्लास्क पांढऱ्या टाइलवर किंवा कोऱ्या कागदावर ठेवा. उजव्या हाताची सवय असेल तर डाव्या हातानं तोटी आणि उजव्यानं फ्लास्क. डावा हात ब्युरेटला मागून वळसा घालून तोटी धरतो, म्हणजे ती चुकून ओढली जाऊन गळत नाही. फ्लास्क गोल गोल फिरवत राहा, वरखाली हिंदकळू नका.

पहिलं रीडिंग पायलट. ते भराभर घ्या. एक-एक मिली सोडत जा आणि कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये रंग येतो एवढंच पाहा. समजा ९ ला रंगहीन होतं आणि १० ला गडद गुलाबी झालं. आता पुढच्या वेळी ८.५ पर्यंत सलग सोडायला हरकत नाही. या पायलटनं वाचवलेला वेळ शेवटच्या एका मिलीसाठी वापरायचा.

द्रावण जिथे पडतं तिथे आधी गुलाबी ढग दिसतो आणि फिरवल्यावर नाहीसा होतो. ढग विरायला वेळ लागू लागला की अंत्यबिंदू, म्हणजे रंग टिकून थांबायची जागा, जवळ आला. आता एकेक थेंब. वॉश बॉटलनं कडा धुवा. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो. शेवटी अर्धा थेंबही घालता येतो: तोटी जराशी फिरवून टोकाला थेंब लोंबू द्या, तो फ्लास्कच्या आतल्या कडेला टेकवा आणि पाण्यानं खाली उतरवा. नवख्यानं ही युक्ती दोन-चारदा नुसत्या पाण्यावर करून पाहावी.

थांबायचं ते अगदी फिकट गुलाबीला, इतक्या फिकट की मागे पांढरा कागद नसता तर शंका आली असती. रंग ३० सेकंद टिकला की झालं. त्यानंतर तो दोन-तीन मिनिटांत उडाला तर घाबरून आणखी थेंब घालू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळून रंग घालवतो, टायट्रेशन संपलेलंच असतं. सुंदर गडद गुलाबी रंग आला तर मात्र तुम्ही पुढे गेलात. ते रीडिंग सोडून द्या.

जुळणारी किमान तीन रीडिंग घ्या, आपसांत फरक ०.१ मिलीच्या आत. जर्नलमध्ये ज्याला कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग किंवा सीबीआर म्हणतात ते हेच. इथे एक कळकळीची विनंती: पहिलं ९.८ आलं म्हणून दुसरं-तिसरं न करता ९.८ लिहू नका. तीन रीडिंग जुळणं हाच आपला हात, द्रावण आणि भांडी ठीक असल्याचा एकमेव पुरावा असतो. तो लिहून तयार होत नाही.

हिशेब

ऑक्झॅलिक आम्लाचा एक रेणू दोन हायड्रोजन आयन देतो, म्हणून एका मोल आम्लाला दोन मोल सोडियम हायड्रॉक्साइड लागतं. हा ‘दोन’ विसरला की उत्तर बरोबर निम्मं येतं.

समजा आम्ल ०.०५०० मोलर, घेतलं १० मिली आणि सीबीआर ९.८ मिली.

सोडियम हायड्रॉक्साइडची संहती = २ × ०.०५०० × १० ÷ ९.८ = ०.१०२० मोलर.

हा आकडा बाटलीवर तारखेसह लिहा. बाटली जितक्या वेळा उघडाल तितका कार्बन डायऑक्साइड आत जाईल आणि संहती घटत जाईल. आठवड्यानंतर वापरायचं असेल तर पुन्हा टायट्रेशन करा.

१० मिलीला ०.१ मिलीची चूक म्हणजे एक टक्का. २५ मिलीची पिपेट असेल तर तीच चूक ०.४ टक्क्यावर येते. साधन उपलब्ध असेल तर २५ मिलीच घ्यावं.

आता व्हिनेगर

पांढरं व्हिनेगर घ्या. ते थेट टायट्रेट केलं तर १० मिलीला ७० मिलीहून जास्त सोडियम हायड्रॉक्साइड लागेल आणि ब्युरेट ५० मिलीचीच असते. म्हणून १० मिली व्हिनेगर पिपेटनं १०० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घ्या, खुणेपर्यंत पाणी घाला आणि नीट हलवा. यातलं १० मिली, म्हणजे मूळ व्हिनेगरचं १ मिली, कोनिकल फ्लास्कमध्ये घेऊन वरच्यासारखंच टायट्रेशन करा. पिपेट प्रत्येक वेळी त्या-त्या द्रावणानं धुवायला विसरू नका.

समजा ७.१ मिली लागलं. ७.१ × ०.१०२० = ०.७२४ मिलिमोल. अ‍ॅसेटिक आम्ल एकच हायड्रोजन आयन देतं, म्हणून इथे ‘दोन’ नाही. मोलर वस्तुमान ६०.०५ नं गुणलं की ४३.५ मिलिग्रॅम, तेही १ मिली व्हिनेगरमध्ये. म्हणजे १०० मिलीत ४.३५ ग्रॅम.

लिंबाचा रस गाळून आणि पातळ करून असाच मोजता येतो, फक्त सायट्रिक आम्लाला ‘तीन’ येतात. कोकमाच्या आगळावर मात्र हा प्रयोग करायला जाऊ नका. त्याचा लाल रंगच पीएचनुसार बदलतो, त्यात फिनॉल्फ्थॅलीनची गुलाबी छटा ओळखू येत नाही. अशा द्रावणांना पीएच मीटर लागतो.

डेअरीत दुधाचा आंबटपणा मोजतात तोही याच रीतीनं. १० मिली दूध, फिनॉल्फ्थॅलीन, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. लागलेल्या मिलीला ०.०९ नं गुणलं की लॅक्टिक आम्लाचा टक्का. गंमत अशी की ताज्या, न आंबलेल्या दुधालाही दीडेक मिली लागतं. ते लॅक्टिक आम्ल नसतं. दुधातली केसीन प्रथिनं आणि फॉस्फेटं ती आम्लारी घेतात. म्हणून डेअरीत ताज्या दुधाचा नेहमीचा आकडा ठाऊक असावा लागतो, आणि बघायचं असतं ते त्यावर झालेली वाढ.

उरकताना

ब्युरेटमधलं सोडियम हायड्रॉक्साइड पुन्हा बाटलीत ओतू नका. उदासीन झालेली द्रावणं भरपूर पाण्यासोबत सिंकमध्ये जाऊ द्या. ब्युरेट लगेच रिकामी करा, तीनदा पाण्यानं धुवा, तोटी उघडी ठेवून उलटी टांगा. काचेच्या तोटीत हे द्रावण रात्रभर राहिलं तर सकाळी ती फिरत नाही, आणि जोर लावला की ब्युरेटच तुटते. तोटी टेफ्लॉनची असेल तर अडकत नाही, पण धुवायची तीही त्याच दिवशी.